शिकारी माशांचा मोठा टँक : फिल्टर चालू असूनही पाणी पुन्हा पुन्हा दुधाळ का होतं?

अरोवाना, ऑस्कर, पीकॉक बास, रेडटेल कॅटफिश असले तोंडात मावेल ते गिळणारे मासे ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या टँकची देखभाल मी करतो. तक्रार बहुधा एकच असते. फिल्टर चोवीस तास सुरू आहे, पाणी बदललं, चार-आठ दिवस छान दिसलं आणि परत दुधाळ झालं. मग कोणीतरी आणखी एक कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, घ्यायला सांगतं. तो बसतो, महिनाभर बरं जातं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

फिल्टर खरोखरच लहान पडतोय असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा पाणी फिल्टरमधून नीट जातच नसतं, नाहीतर आतले उपयोगी जिवाणू आपणच धुऊन टाकलेले असतात, नाहीतर खाणं टँकच्या ऐपतीबाहेर पडत असतं. म्हणून नवी खरेदी शेवटी. आधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना बादली, घड्याळ आणि थोडा संयम सोडून काही लागत नाही.

आकडे सांगायला एक टँक धरू : पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरला तर ५६६ लिटर, पण वरची रिकामी जागा सोडली की पाणी साधारण ५०० लिटर. त्यात हातभर लांबीचा सिल्व्हर अरोवाना आणि दोन वाढलेले ऑस्कर. तुमचा टँक वेगळा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- खाणं दिल्यावर किंवा फिल्टर धुतल्यावर एक-दोन दिवसांत पांढरट धुकं येतं.
- पाण्यावर बुडबुडे तसेच राहतात, फुटत नाहीत. कडेला फेस जमतो किंवा तेलकट तवंग दिसतो.
- पहाटे मासे वरच्या थरात येऊन भराभर कल्ले हलवतात, दुपारी मात्र ठीक असतात.
- कॅनिस्टरचं किंवा सम्पचं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीचं) झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास येतो.
- ऑस्कर काळपट पडून कोपऱ्यात बसतो, घेतलेला घास थुंकतो. अरोवानाच्या कल्ल्याची कडा बाहेर मुडपते.
- पंखांच्या कडा झिजलेल्या, पांढुरक्या दिसतात.

एका पारदर्शक ग्लासात टँकचं पाणी घेऊन उजेडात बघा. हिरवट असेल तर ते शेवाळ आहे. तो उजेडाचा आणि नायट्रेटचा (कचरा पचून शेवटी उरणाऱ्या क्षाराचा) प्रश्न आहे, फिल्टरचा नाही. कोऱ्या चहासारखं तपकिरी पण आरपार दिसणारं असेल तर ओंडक्याचा रंग उतरलाय, माशांना त्याचा त्रास नाही. पांढरट आणि धुरकट असेल तरच पुढे चला. हा पांढरेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे, सडकं खाणारे जिवाणू. त्यांना भरपूर खायला मिळतंय एवढंच तो सांगतो.

एक सूचना आधीच : पाणी गढूळ झालं म्हणून तुरटी फिरवू नका. पाणी तासाभरात स्वच्छ दिसेल, पण तुरटी पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद खाते. ती ताकद या प्रकरणात किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

पहिली तपासणी : दोन दिवस खाणं बंद

खर्च शून्य. धडधाकट, वाढलेला शिकारी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. पिल्लं असतील तर मात्र हे करू नका. दोन दिवसांत पाणी आपोआप निवळायला लागलं, तर दोष मुख्यतः खाण्यात आहे.

माशाने खाल्लेल्या प्रथिनांचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात येतो. मत्स्यपालनात त्यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : खाण्याचं वजन गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२. रोज ४० टक्के प्रथिनांचे १० ग्रॅम पेलेट (खाद्याच्या गोळ्या) टाकले, तर सुमारे ०.३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. ५०० लिटरमध्ये तो लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास जातो. आता पेलेटऐवजी ५० ग्रॅम सोललेली कोळंबी टाकून बघा. कोळंबीत प्रथिनं साधारण २० टक्के, त्यामुळे अमोनिया ०.९ ग्रॅमवर जातो. म्हणजे ‘थोडीशी कोळंबी’ ही पेलेटच्या अडीच पट झाली. रविवारी मासळी बाजारातून आलेल्या पिशवीतली मूठभर कोळंबी टँकमध्ये गेली की मंगळवारी धुकं येतं, ते यामुळे.

चिकन हार्टचं वेगळंच. त्याची चरबी पाण्यावर तवंग धरते आणि हवेतून ऑक्सिजन आत जायची वाट अडवते. जिवंत चारा मासे आणखी वाईट, कारण त्यांच्याबरोबर पांढरे ठिपके आणि इतर परजीवी फुकट येतात. मोठ्या माशाला एक दिवसाआड खाणं आणि आठवड्यात एक उपास, असं वेळापत्रक मी लावतो. मालकांना ते पटायला वेळ लागतो, कारण मासा काचेशी येऊन आ वासतो आणि त्यांना दया येते. शिकारी मासा भूक नसली तरी आ वासतोच.

दोन दिवस उपाशी ठेवूनही धुकं तसंच असेल तर पुढे.

दुसरी तपासणी : पाणी किती फिरतंय ते मोजा

पंपाचा आवाज येतोय म्हणजे पाणी फिरतंय असं नाही. रिटर्न पाइपखाली, म्हणजे फिल्टरमधून टँकमध्ये पाणी परत आणणाऱ्या पाइपखाली, २० लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ३० सेकंदांत भरली तर ताशी २४०० लिटर. ६० सेकंद लागले तर १२००. ५०० लिटरच्या टँकला ताशी २००० ते ३००० लिटर, म्हणजे पाण्याच्या चार ते सहा पट फेरा हवा. इतकं हवं कारण हे मासे ढिगाने विष्ठा टाकतात. ती तळाशी कुजण्याआधी उचलली जायला पाहिजे.

पंपाच्या खोक्यावर ४००० लिटर लिहिलंय, मग १५०० च का येतं? खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. खोक्यावरच कमाल उंचीही दिलेली असते. ती २.५ मीटर असेल आणि खालच्या कपाटातल्या सम्पपासून टँकच्या काठापर्यंत १.५ मीटर चढ असेल, तर निम्म्यापेक्षा कमीच पाणी वर पोहोचतं. त्यातून पाइपला तीन कोपरे असतील तर आणखी घटतं.

आकडा पूर्वीपेक्षा कमी झाला असेल तर पंप उघडा. आधी टँकचे सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका. इम्पेलरभोवती, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्याभोवती, केस, शेवाळाचे धागे, बारीक गोगलगाई सापडतील. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये पांढरा क्षार सापडेल. इम्पेलर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवला की तो सुटतो. मधली सिरॅमिकची काडी मोडली असेल तर फक्त ती मिळते, अख्खा पंप घ्यावा लागत नाही. ओव्हरफ्लोच्या (टँकमधून पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या) दातांमध्ये फुगलेला पेलेट किंवा ऑस्करने उपटलेलं प्लास्टिकचं पान अडकलंय का, तेही बघा.

तिसरी तपासणी : पाणी मीडियातून (फिल्टरमधल्या वूल, स्पंज, रिंगांतून) जातंय की बाजूने

मोजून पाणी पुरेसं येतंय आणि तरी धुकं आहे, तर मला सगळ्यात आधी हाच संशय येतो. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. टँकच्या वर बसणाऱ्या टॉप फिल्टरमधलं वूल, म्हणजे पांढरा कापूस, भरलं की पाणी ट्रेच्या काठावरून उडी मारून सरळ खाली पडतं. कॅनिस्टरमध्ये खालचा स्पंज चोंदला की पाणी टोपल्यांच्या कडेने वर सरकतं. सम्पमध्ये पिशवी भरली की तिच्या तोंडावरून वाहतं. पंप चालूच असतो, धारही जोरदार दिसते.

खूण सोपी आहे. सहा महिने वापरलेल्या सिरॅमिक रिंगा दुकानातून आल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र असतील, तर त्यांच्यातून पाणी गेलेलंच नाही. काम करणाऱ्या रिंगांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. त्यावर चिखल साचलेला असेल तर मात्र पुढचं वूल काम करत नाहीये. टोपल्यांची रबरी कडा बसलीये का, रिंगा टोपलीत पूर्ण भरल्यात का, की एका बाजूला लोटल्या गेल्यात, ते बघा. मोकळी जागा दिसली की तिथे जाडसर स्पंजचा तुकडा ठासा. यावर फार तर पन्नास-शंभर रुपये जातील.

वूलबद्दल आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. वूलमध्ये अडकलेली विष्ठा डोळ्यांआड झालेली असते, पाण्याबाहेर नाही. तिच्यावरून पाणी सतत वाहतंय, ती विरघळतेय. हे म्हणजे केर झाडून सोफ्याखाली लोटण्यासारखं आहे. शिकारी माशांच्या टँकमध्ये वूल तीन-चार दिवसांनी काढायचं, पंधरा दिवसांनी नाही. त्यासाठी ते हाताला पटकन येईल अशा जागी असायला हवं. कॅनिस्टर उघडणं ही कटकट असते, म्हणून माणसं टाळतात. माझ्या मते एवढ्या मोठ्या माशांसाठी कॅनिस्टरपेक्षा टॉप फिल्टर किंवा सम्प बरा, तो याच कारणासाठी. दिसायला कॅनिस्टर सुबक असतो, ते खरं.

टँकच्या तळाशी जाड खडी असेल तर तीही काढून टाका. खडीखाली अडकलेली कोळंबीची शेपटी कुठलाही फिल्टर ओढू शकत नाही. उघडा तळ दिसायला बोडका वाटतो, पण कचरा लगेच दिसतो आणि उचलता येतो.

चौथी तपासणी : तुम्ही फिल्टर कसा धुता

आठवा : धुकं फिल्टर धुतल्यानंतर येतं का? रविवारी सगळा फिल्टर बाथरूममध्ये नेला, नळाखाली रिंगा घासून लखलखीत केल्या, आणि बुधवारी पाणी दुधाळ झालं. असं असेल तर कारण इथेच आहे.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या बुळबुळीत थरात राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, घासणं त्यांना काढून टाकतं. ते दुप्पट व्हायला साधारण एक दिवस किंवा जास्तच घेतात. सडकं खाणारे जिवाणू मात्र तासाभरात दुप्पट होतात. म्हणून धुतल्यावर आधी धुकं येतं, मग अमोनिया चढतो, आणि घाबरलेला मालक परत फिल्टर धुतो.

उपाय असा : वूल फेकायचं किंवा नळाखाली धुतलं तरी चालतं. स्पंज आणि रिंगा मात्र टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने खळबळायच्या. एका वेळी निम्म्याच. उरलेल्या निम्म्या तीन-चार आठवड्यांनी. रिंगा बदलायच्या असतील तर जुन्या आणि नव्या महिनाभर एकत्र ठेवा.

बाटलीतले जिवाणू मिळतात. काही बाटल्यांचा उपयोग होतो, काहींचा होत नाही, आणि उन्हात ठेवलेल्या दुकानातल्या बाटलीवर तर माझा भरवसा नाही. निरोगी टँकमधला जुना स्पंज हमखास चालतो, पण ज्याच्या माशांची खात्री आहे त्याच्याकडूनच घ्या, नाहीतर आजारही बरोबर येईल.

पाचवी तपासणी : किट

इथून पैसे सुरू होतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) मोजणारं थेंबांचं किट घ्या. पट्ट्या स्वस्त असतात, पण या कामाला फार ढोबळ. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली जोरात हलवा. तळाशी बसलेलं रसायन मिसळलं नाही तर आकडा खोटा कमी येतो आणि तुम्ही निर्धास्त राहता. टँकबरोबर नळाचंही पाणी मोजा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि तरी धुकं असेल, तर तो खाण्याचा आणि वूलचा प्रश्न आहे. पहिल्या आणि तिसऱ्या तपासणीकडे परत जा. फक्त नायट्राइट दिसत असेल तर फिल्टर अर्धवट सावरलाय. तोवर लिटरमागे १ ग्रॅम साधं मीठ बादलीत विरघळवून हळूहळू घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनिया दिसत असेल तर पुढची तपासणी होईपर्यंत पाणी बदलू नका. हे वाचायला उलटं वाटेल, पण थांबा.

सहावी तपासणी : पीएच आणि केएच, म्हणजे पंधरवड्याचं कोडं

बऱ्याच टँकमध्ये त्रास दर दोन आठवड्यांनी उलटतो, त्याचं कारण बहुधा इथे सापडतं. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यात आम्ल सोडतात आणि पाण्यातला बायकार्बोनेट खर्च होतो. दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता, म्हणजे तीच आम्ल पेलण्याची ताकद, जाते. आपल्या उदाहरणात रोज १० ग्रॅम पेलेट म्हणजे रोज २.६ ग्रॅम, लिटरमागे ५ मिलिग्रॅम. नळाच्या पाण्याचा केएच ४ असेल, म्हणजे लिटरमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम क्षारता, तर पाणी न बदलता तो चौदा दिवसांत संपतो. मुंबई-ठाण्याला धरणातून येणारं पाणी मऊ असतं, तिथे हे आणखी लवकर होतं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड असतं, तिथे हा त्रास कमी. पण त्याचा दुसरा धोका आहे, तो लगेच सांगतो.

क्षारता संपली की पीएच कोसळतो. ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साचत जातो, पण कमी पीएचला तो फारसा विषारी नसलेल्या अमोनियमच्या रूपात असतो. त्यामुळे मासे मरत नाहीत, नुसते मलूल होतात. अमोनिया लिटरमागे ४ मिलिग्रॅम दाखवतोय, पीएच ६.२ आहे आणि अरोवाना फिरतोय, असे टँक मी पाहतो.

आता समजा, मालकाने एका दमात निम्मं पाणी काढून ८.२ पीएचचं बोअरचं पाणी भरलं. अमोनिया निम्मा झाला, २ वर आला. पण पीएच ७.९ वर गेला. २८ अंशांना पीएच ६.२ असताना एकूण अमोनियापैकी हजारात एखादाच भाग विषारी रूपात असतो, ७.९ ला शंभरात पाच. म्हणजे एकूण अमोनिया अर्धा होऊनही विष वीस पटींहून जास्त वाढलं. संध्याकाळपर्यंत मासे आडवे होतात, आणि दोष ‘पाणी बदलण्या’वर जातो. पुढे तो माणूस भीतीने पाणी बदलणंच सोडतो आणि हेच चक्र आणखी घट्ट होतं.

म्हणून पीएच ६.५ च्या खाली आणि अमोनिया चढलेला असेल तर : खाणं पूर्ण बंद, हवेचे दगड (पाण्यात बुडबुडे सोडणारे) वाढवा, आणि दिवसाला दहा टक्केच पाणी बदला, पीएच सावकाश वर येईल असं. अमोनिया शून्याकडे आला की मग मोठे बदल. केएच टिकवायला खायचा सोडा चालतो. ५०० लिटरला १५ ग्रॅम घातला तर केएच साधारण १ ने वाढतो. एका दिवसात त्याहून जास्त घालू नका. कायमचा उपाय म्हणून शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये ठेवा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो. प्रवाळाचा चुरा शोधू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

सातवी तपासणी : किती पाणी बदलता आणि कोणतं

फिल्टर नायट्रेट काढत नाही, हे मोठ्या टँकचा मालक विसरतो. उदाहरणातल्या खाण्याने आठवड्याला लिटरमागे सुमारे २३ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर आकडा ४६ च्या वर जात नाही. २० टक्केच बदललं तर तो चढत चढत ११४ पर्यंत जाऊन थांबतो. दोन्ही टँकमध्ये फिल्टर तोच. ज्यांनी तीन कॅनिस्टर लावलेत आणि पाणी पंधरा दिवसांनी दोन बादल्या बदलतात, त्यांना मी हाच हिशेब कागदावर करून देतो.

नळाच्या पाण्याला क्लोरीन असतं. पावसाळ्यात वासावरूनच कळतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या २५० लिटर पाण्याला सुमारे पावणेदोन ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लागतो. दुकानातलं अँटी-क्लोरीन बहुधा हेच असतं. मी दुप्पट धरतो, एवढ्याने मासे बिघडत नाहीत. ड्रम ठेवायला जागा असेल तर पाणी रात्रभर हवा सोडून ठेवा. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडलीये याचा नेम नसतो, ते क्लोरीन मोजल्याशिवाय टँकमध्ये नको.

आठवी तपासणी : ऑक्सिजन आणि वीज

पहाटे मासे वर येत असतील तर इथे बघा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, मे महिन्यात टँक ३२ वर गेला की ७ च्या आसपास. मासे, विष्ठा कुजवणारे जिवाणू आणि फिल्टरमधले जिवाणू, तिघेही त्यावरच जगतात. रिटर्नची धार पाण्याच्या पृष्ठभागावर पडेल अशी वळवा, हवेचा पंप लावा. यामुळे धुकंही अनेकदा उतरतं.

वीज गेली तर कॅनिस्टर बंद डबा होतो. काही तासांत आतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू झाला तर सडलेलं काळं पाणी टँकमध्ये ओततो. तुमच्याकडे भारनियमनानंतर धुकं येतं का, हे एकदा जुळवून बघा. वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर कॅनिस्टर उघडून आतलं पाणी बादलीत ओता, रिंगा टँकच्या पाण्यात खळबळा, मग चालू करा. बॅटरीवरचा हवापंप स्वस्त आहे. इन्व्हर्टर असेल तर टँकचा पंप त्यावर घ्या.

नववी : आता सम्प

इथपर्यंत सगळं करून अमोनिया उतरत नसेल, तरच फिल्टर वाढवा. सम्पमध्ये क्रम असा : आधी वूल, मग जाड स्पंज, मग हवेवर फिरणारा प्लास्टिकचा मीडिया, शेवटी पंप. हा फिरता मीडिया दहा-पंधरा लिटर असला तरी आपल्या उदाहरणाला पुरतो. लोक पोतंभर रिंगा भरतात आणि त्यातल्या निम्म्यांना पाणीच लागत नाही.

वीज गेल्यावर खाली किती पाणी उतरेल, ते आधी मोजा. पाच बाय दोन फुटांच्या टँकमध्ये दर सेंटिमीटरला ९.३ लिटर. रिटर्न पाइपचं तोंड पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर असेल तर ४६ लिटर उलटे खाली येतात. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते हॉलच्या फरशीवर. पाइपला पाण्याच्या पातळीजवळ लहान भोक पाडा म्हणजे हवा शिरून उलटा ओघ तुटतो. पण ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून जागा ठेवाच. बसवून झाल्यावर दिवसाढवळ्या स्वतः प्लग काढून बघा.

कुठे थांबायचं

पाण्यात बोट घालताच झिणझिण्या आल्या किंवा घरातला अर्थ-लीकेज ब्रेकर पडायला लागला, तर पंप उघडत बसू नका. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टँकच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर नसेल तर त्याच भेटीत बसवून घ्या.

काचेला भोक पाडून ओव्हरफ्लो करायचा असेल तर काच टफन्ड आहे का हे आधी काचवाल्याकडून तपासून घ्या. टफन्ड काचेला ड्रिल लावला की तिचा चुरा होतो. सांध्यातून थेंब गळत असेल तर बाहेरून सिलिकॉन लावून भागत नाही. टँक रिकामा करून जुनं सिलिकॉन कापावं लागतं, आणि ५०० लिटरच्या टँकला ते काम करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावं.

माशाच्या अंगावर जखमा, बाहेर आलेले डोळे, किंवा पाणी ठीक होऊनही आठवडाभर उपास असेल तर दुकानातली अँटिबायोटिक ओतू नका. ती फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतात. माशांचं जाणणारा पशुवैद्य शोधा. रत्नागिरीजवळच्या शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे विचारून पाहायला हरकत नाही.

रेडटेल कॅटफिश मीटरभराच्या वर वाढतो. तो पाच फुटी टँकमध्ये असेल तर यातली कुठलीच तपासणी पुरी पडणार नाही, कारण दोष फिल्टरचा नाही. त्याला मोठं तळं असलेल्या पाळणाऱ्याकडे द्या. तलावात किंवा नदीत सोडू नका. उजनी धरणात सकरमासा (टँकची काच चाटणारा शोभेचा मासा) शिरल्यापासून जाळ्यांचं काय होतं, ते भिगवणकडच्या मच्छीमारांना विचारा.

आणि मोठा टँक घ्यायचा विचार करत असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भेटा. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचं वजन धरून केलेला असतो. आपला पाच फुटी टँक पाणी, काच, स्टँड धरून साडेसहाशे किलोच्या पुढे जातो, तोही एका चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. सम्प त्यावर वेगळा. तुळईच्या जवळ, भिंतीला लागून ठेवला तर बहुतेक इमारती तो पेलतात, पण जुन्या इमारतीत किंवा गॅलरीत तुमचा अंदाज चालायचा नाही. जाताना टँकची लांबी-रुंदी, पाण्याची उंची आणि काचेची जाडी लिहून न्या. ते नसेल तर इंजिनिअर तुम्हाला परत पाठवेल.